रंग कुणाचं ऐकतो?

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात रंग हे पोटापाण्याचं साधन आहे. मोटारी, ट्रक, दुचाक्या, त्यांचे सुटे भाग, कारखान्यांच्या शेड, सगळ्यांवर रोज रंग चढतो आणि तो ठरलेल्या छटेत, ठरलेल्या जाडीत चढतो. या पट्ट्यातल्या दोघांचा हा संवाद. मामा खेड तालुक्यातल्या शेतकरी घरातले, एका मोटार कारखान्याच्या पेंट शॉपमधून निवृत्त झालेले. भाची चिंचवडच्या एका शाळेत चित्रकला शिकवते. समोर तीन चित्रकारांच्या कामाच्या छापील प्रती आहेत: क्यूबाची अमेलिया पेलाएस, क्यूबाचाच विफ्रेदो लाम आणि आपल्या मुंबईचे के. एच. आरा. तिघांनीही गुआशमध्ये, म्हणजे पाण्यात कालवायच्या अपारदर्शक रंगात, भरपूर काम केलं. वाद असा की, या झगझगीत रंगांच्या चित्रांशी कारखान्यात उमेदीची वर्षं घालवलेल्या माणसाचं काही नातं लागतं का?

मामा : स्पष्ट बोलू? रंग जोरकस आहेत, पण काम अर्धवट वाटतं. इथं ब्रशचा फराटा दिसतोय, तिथं खालचा थर वर डोकावतोय. आमच्याकडं असा पॅनल निघाला असता तर तपासणीतून थेट रिवर्कला गेला असता.

भाची : तुमच्याकडं रंगाकडून अपेक्षा काय असायची, ते आधी सांगा.

मामा : रंगानं ऐकलं पाहिजे. बॉडी आधी धुतली जाते, तिच्यावर फॉस्फेटचा थर बसतो. मग ती ईडीच्या, म्हणजे इलेक्ट्रोडिपॉझिशनच्या टाकीत बुडवायची, विजेच्या जोरावर प्राइमर कानाकोपऱ्यात पोचतो. तिथून भट्टीत. मग सीलर, सरफेसर, बेस कोट, वर क्लिअर कोट, पुन्हा भट्टी. एवढं सगळं करून थराची एकूण जाडी शंभर-सव्वाशे मायक्रॉन. सुगंधी फवारा अंगावर मारून आत यायला बंदी, कारण त्यातला सिलिकॉन हवेत उडाला तरी ओल्या रंगाला खड्डे पडतात. धुळीचा एक कण बसला तर बोटाला लागतो. पन्नास गाड्या ओळीनं उभ्या केल्या तर कुठली आधी रंगवली आणि कुठली नंतर, हे कुणाला कळता कामा नये. माझ्या लेखी कारागिरी ही.

भाची : त्या कारागिरीबद्दल मला आदरच आहे. पण गुआश नेमकं उलटं वागतं. रंगद्रव्य, अरबी डिंक आणि पाणी, बहुतेकदा पांढऱ्या खडूची जोड. क्लिअर कोट नाही, चकाकी नाही. वाळला की मखमलीसारखा मंद दिसतो. ओला असताना जी छटा दिसते ती वाळल्यावर राहत नाही. फिके रंग थोडे गडद होतात, गडद रंग थोडे फिकटतात. वाळलेल्या थरावर ओला ब्रश रेंगाळला तर खालचा रंग उठून वर येतो. जाड लावला तर तडकतो. म्हणजे चित्रकाराला प्रत्येक फटका अंदाजानं आणि झटपट मारावा लागतो. तुम्हाला जो ब्रशचा फराटा खटकला, तो त्या हाताच्या निर्णयाचा पुरावा आहे. तो पुसला तर चित्रातला माणूसच जातो.

मामा : असं बघ, ज्याला पृष्ठभाग साफ करता येत नाही त्यानं त्याला निर्णय म्हणायचं, हे फार सोपं झालं. आणि टिकाऊपणाचं काय? गाडीचा रंग वर्षानुवर्षं ऊन-पाऊस खातो. तुझं गुआश उन्हात ठेवून दाखव.

भाची : नाही टिकत. काचेआड ठेवावं लागतं आणि उजेडही बेतानं द्यावा लागतो. कागदावरची चित्रं दाखवताना संग्रहालयं साधारण पन्नास लक्सचा मंद प्रकाश ठेवतात. पण नीट जपलं तर किती टिकतं, त्याचा दाखला आपल्या पुण्यातच आहे. अहमदनगरच्या निजामशाहीत 1565च्या सुमारास ‘तारीफ-ए-हुसेनशाही’ नावाचं सचित्र हस्तलिखित तयार झालं. ते आज भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. कागदावरचे अपारदर्शक जलरंगच ते. साडेचारशे वर्षं झाली. दख्खनी, राजस्थानी, पहाडी लघुचित्रं सगळी याच जातीच्या रंगातली. तेव्हा हे माध्यम आपल्याला परकं नाही. माझ्या वर्गातली मुलं रेखाकला परीक्षेला ज्या बाटल्यांतले पोस्टर कलर वापरतात, ते याच घराण्यातले.

मामा : बरं, माध्यम आपलं. पण ही बाई आणि हा माणूस क्यूबाचे. कुठं क्यूबा, कुठं चाकण!

भाची : अंतर मोठं आहे, पण वाट तीच आहे. हवानामध्ये 1818 साली सान आलेहांद्रो ही कला अकादमी निघाली. मुंबईत 1857 साली जे. जे. स्कूल ऑफ आर्ट. दोन्हीकडं युरोपच्या शिस्तीत चित्र कसं काढायचं हे शिकवलं गेलं आणि दोन्हीकडं पुढं तरुणांनी त्या शिस्तीशी भांडण मांडलं. हवानात 1927 साली नव्या कलेचं प्रदर्शन भरलं, त्याच वर्षी ‘रेव्हिस्ता दे आव्हान्से’ हे मासिक निघालं. मुंबईत 1947 साली सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे यांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला. त्यातले गाडे आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचे, विज्ञानाचे पदवीधर. आणि क्यूबाच्या त्या पिढीतला मारियानो रॉद्रिगेस, कोंबड्यांच्या रंगीबेरंगी चित्रांसाठी नावाजलेला, तो तर 1960च्या सुमारास क्यूबाच्या वकिलातीत सांस्कृतिक काम बघायला दिल्लीला येऊन राहिला होता.

मामा : पण हे सगळे पॅरिसकडं डोळे लावून बसलेले. या लामच्या चित्रात पिकासो दिसतो, हे माझ्यासारख्यालाही कळतं. नक्कल ती नक्कल.

भाची : मामा, तुमच्या अंगणात बजाज चेतक उभी असायची ना? बजाजनं आधी पियाजिओच्या परवान्यावर व्हेस्पा बनवल्या. 1971 साली करार संपला, 1972 साली चेतक आली. घडण व्हेस्पाचीच. पण पुढं तीन माणसं, गॅसची टाकी आणि भाजीची पिशवी घेऊन जी गाडी आकुर्डीपासून लातूरपर्यंत पळाली, तिला कुणी इटलीची म्हटलं का?

मामा : नाही म्हटलं. ती आपलीच होती. पण ती आपली झाली ती वापरानं. चित्राचा असा काय वापर होतो?

भाची : तेच सांगते. अमेलिया पेलाएसचं बघा. जन्म 1896चा. ती 1927 ते 1934 पॅरिसमध्ये होती. तिथं आलेक्सांद्रा एक्स्टर या चित्रकर्तीकडं तिनं रंग आणि रचनेचे धडे घेतले, तिथंच प्रदर्शन केलं. नाव होत असताना ती परत आली आणि हवानाच्या ला व्हिबोरा भागातल्या घरी आई आणि बहिणींबरोबर राहून आयुष्यभर काम करत राहिली. परतल्यावर तिनं काय रंगवलं? जेवणाच्या टेबलावरची फळं, मासे, जास्वंदीची फुलं, खिडकीचे लोखंडी गज, वेताच्या खुर्च्या, खांबांची नक्षी. आणि या सगळ्याभोवती बोटभर जाडीची काळी रेघ. ती रेघ कुठून आली, ओळखा.

मामा : मला तर ती मास्किंग टेप काढल्यावर राहते तशी कडा वाटते. दोन रंग एकमेकांत मिसळू नयेत म्हणून ठेवलेली.

भाची : अगदी बरोबर पकडलंत! हवानाच्या जुन्या घरांत दारा-खिडक्यांच्या वर अर्धगोल रंगीत काचा असतात. लाल, निळ्या, पिवळ्या, हिरव्या. तिथलं ऊन फार कडक, ते गाळून घरात घ्यायचं म्हणून ही सोय. काचांचे तुकडे ज्या काळ्या पट्ट्यांनी जोडलेले असतात, तीच तिची रेघ. उन्हाच्या वेळी त्या काचांतून खोलीतल्या फरशीवर रंगांचे ठिपके पडतात. तिच्या चित्रात टेबल, फळ आणि काच यांत फरक करता येत नाही, कारण तो रंगीत उजेड सगळ्यांवर सारखाच पडलाय. आपल्या जुन्या वाड्यांतही दारांवर अशा काचा असायच्या. पॅरिसमध्ये तिला रचना मिळाली, पण कुठला लाल कुठल्या निळ्याशेजारी ठेवायचा हे तिच्या घरातल्या काचांनी शिकवलं. म्हणून मी त्या रंगाला भडक म्हणत नाही. त्या गावच्या उजेडाचं ते अचूक मोजमाप आहे.

मामा : मोजमाप म्हणतेस तर ऐक. आमच्याकडं शेड मॅच करताना पॅनल एकाच दिव्याखाली बघून चालत नाही. दिवसाच्या उजेडात दोन पॅनल एकसारखे दिसतात आणि दुसऱ्या दिव्याखाली वेगळे पडतात. बंपर प्लॅस्टिकचा, दरवाजा पत्र्याचा. कारखान्यात जुळतात आणि गिऱ्हाइकाच्या पार्किंगमध्ये फारकत घेतात. म्हणून वेगवेगळ्या दिव्यांची पेटी असते, मीटरचे आकडे असतात, मास्टर पॅनल असतो. रंग एकटा नसतो, तो उजेडासकट असतो, हे मलाही मान्य आहे. फक्त आम्ही उजेडाची खोड मोडायचा प्रयत्न करतो आणि ही बाई त्या खोडीवरच चित्र उभं करते.

भाची : एवढं नेमकं मला सांगता आलं नसतं.

मामा : कौतुक नको, माझी शंका मिटलेली नाही. फळं, फुलं, काचा हे खाऊनपिऊन सुखी घराचं चित्र झालं. कष्टकऱ्याचं काय? या पट्ट्यात लातूर-परभणीपासून बिहारपर्यंतची पोरं कंत्राटावर येतात, एका खोलीत आठ-आठ जण राहतात. त्यांना जास्वंद दाखवून काय साधणार?

भाची : मग लामकडं या. 1902चा जन्म. वडील चीनमधून आलेले, आईकडून आफ्रिकी आणि स्पॅनिश वारसा. स्पेनच्या यादवीत तो प्रजासत्ताकाच्या बाजूनं उतरला, तिथून पॅरिसला गेला, पिकासोशी मैत्री झाली. नाझी आले तसा पळाला आणि 1941 साली क्यूबात परतला. ‘ला हुंगला’ म्हणजे ‘जंगल’ हे चित्र त्यानं 1942-43 मध्ये केलं. उंची सुमारे 239 सेंटिमीटर, रुंदी 230. म्हणजे आकृत्या जवळजवळ तुमच्या-माझ्या उंचीच्या. दीर्घकाळ त्याची नोंद गुआश म्हणूनच होती. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयानं 1945 साली ते विकत घेतलं. आणि ते आहे कशावर? क्राफ्ट पेपरवर, मागून कॅनव्हासला चिकटवलेलं.

मामा : क्राफ्ट पेपर? आमचा मास्किंगचा तपकिरी कागद?

भाची : त्याच जातीचा. आता हिरव्या-निळ्या गर्दीत नीट बघा. नाव जंगल असलं तरी झाडं कसली आहेत?

मामा : पेरं दिसतायत. हा ऊस आहे!

भाची : ऊसच. क्यूबात गुलामगिरी 1886 साली संपली. तोवर आफ्रिकेतून आणलेल्या माणसांच्या पाठीवर तिथली साखर उभी होती. लामनं उसाच्या दाटीत चंद्रकोरीसारख्या मुखवट्यांची माणसं उभी केली. पाय बघा केवढे मोठे, शेतात रुतलेले. हात लांब लोंबणारे. उजवीकडं वर एकीच्या हातात कात्री आहे. पिवळा कुठं उन्हाचा, कुठं वाळल्या पाचटाचा. परदेशी पर्यटकाला हवं असलेलं नाचगाण्याचं क्यूबा त्यात कुठंच नाही. 1944 साली न्यूयॉर्कच्या त्याच संग्रहालयानं आधुनिक क्यूबन चित्रकारांचं प्रदर्शन भरवलं, पेलाएस आणि मारियानो त्यात होते, लामनं मात्र सहभागी व्हायला नकार दिला.

मामा : हे पाय मला ओळखीचे वाटतात. कासारसाईच्या साखर कारखान्याकडं ट्रॅक्टर जायला लागले की रस्त्याकडेच्या कोप्यांत दिसतात ना, ती मराठवाड्यातली ऊसतोड माणसं. वाढ्यांच्या पात्यांनी सोलवटलेले हात, मातीत भरलेले पाय. आता कळलं, माणूस आणि ऊस वेगळे का काढले नाहीत ते. तोडीच्या दिवसांत ते वेगळे नसतातच.

भाची : आणि हे त्यानं काळ्या-करड्या, रडव्या रंगात मांडलं नाही. हिरवा, निळा, पिवळा, नारिंगी घेतला. कष्ट दाखवायचे तर रंग मारायला हवा, असं आपण धरून चालतो. त्यानं ते मानलं नाही. कष्ट करणाऱ्याच्या डोळ्यांनाही रंग दिसतात, त्याच्याही वाट्याला सकाळचा कोवळा हिरवा येतो.

मामा : मग आरांचं घे. त्यांच्याकडं ना ऊस, ना गुलाम. फुलदाणी, फळं, पुन्हा फुलदाणी.

भाची : आरांचं आयुष्य ऐका, मग फुलदाणी बघा. 1914 साली सिकंदराबादजवळच्या बोलारमला जन्म. वडील ड्रायव्हर. लहानपणीच मुंबईत आले, घरगडी म्हणून राबले. मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात गेले. बाहेर आल्यावर मोटारी धुण्याचं काम केलं. जे. जे.ची पायरी विद्यार्थी म्हणून चढले नाहीत. रुडी फॉन लायडन आणि वॉल्टर लँगहॅमर या दोघांनी त्यांच्यातली चमक हेरली आणि 1942 साली मुंबईत त्यांचं पहिलं एकल प्रदर्शन झालं.

मामा : गाड्या धुणारा माणूस?

भाची : होय. आणि त्यांनी जलरंग, गुआश इतकं दाट वापरलं की लांबून तैलरंग वाटावेत. आता ती फुलदाणी बघा. ही फुलं कधी त्यांच्या मालकीच्या घरातली नव्हती. दुसऱ्याच्या दिवाणखान्यातली फुलदाणी पुसणारा हात एक दिवस ती स्वतःच्या कागदावर मांडतो, आणि हवी तेवढी लाल करतो. त्या लाल रंगाला सजावट म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तो हक्क आहे.

मामा : हे पटलं. आमच्याकडं पॉलिशिंगला एक जण होता. गाडी पुसताना बॉनेटमध्ये आकाश कसं दिसतं ते बघत उभा राहायचा. सुपरवायझर ओरडायचा. मीही एकदा-दोनदा ओरडलो असेन, तो लाइन अडवायचा म्हणून. ओरडणं चूक होतं असं मी आजही म्हणणार नाही, लाइन थांबवून चालत नाही. पण त्याला जे दिसत होतं ते मांडायला त्याच्याकडं कागद नव्हता, हेही खरं.

भाची : माझं सगळं म्हणणं या एका वाक्यात आलं. निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीत ट्रक उभे असतात, त्यांच्या फाळक्यांवर मोर, कमळं, देवांची नावं हातानं रंगवलेली असतात. पिंपरी कॅम्पात कापडाच्या दुकानांपुढं रंगांची रांग लागते. चाकणच्या मार्केट यार्डात कांद्याचे ढीग लागतात आणि त्यांच्या टरफलाचा तांबूस-जांभळा रंग कुठल्याच शेड कार्डात नसेल. रंग बघणाऱ्या डोळ्यांची इथं वाण नाही. पण या पट्ट्याचं चित्र कुठं आहे? तुमच्या शिवारात शेड उभ्या राहिल्या, रात्री तिथं पिवळे दिवे लागतात, पहाटे निळ्या गणवेशातली माणसं कंपनीच्या बसमधून उतरतात. हे कुणी कागदावर ठेवलं?

मामा : तूच ठेव की. पोरांना शिकवतेस, मग वस्तुचित्राला तांब्या, सफरचंद आणि मागं पडदा हेच का मांडतेस?

भाची : परीक्षेला ते विचारतात म्हणून. घडण, छाया-प्रकाश, प्रमाण यांची बैठक त्यातूनच बसते, ती हवीच. पण तिथं थांबायला नको, हे तुमचं बरोबर आहे. मी मुलांना सांगू शकते की, घरी येणारा डबा, सेफ्टी शूज, हेल्मेट, बाबांचं ओळखपत्र मांडा आणि ते तुमच्या घरातल्या ट्यूबच्या उजेडात जसं दिसतं तसं रंगवा.

मामा : पण शिस्त सोडून नाही. आधी छटा जुळवायला शिकव. पिवळ्यात किती थेंब निळा टाकला की कुठला हिरवा येतो, हे त्यांना डोळे मिटून सांगता आलं पाहिजे. कोरडा झाल्यावर रंग कसा बदलतो त्याच्या पट्ट्या करून घे, प्रत्येक पट्टीमागं तारीख आणि प्रमाण लिहायला लाव. हवं तर पट्ट्या मी तपासतो. ज्याला रंग ऐकत नाही, त्यानं मनासारखा रंग लावला असं म्हणू नये. तुझा लाम काय, आरा काय, त्यांचा हात आधी तयार होता, मग त्यांनी मोकळं सोडलं.

भाची : मान्य. पण तयार झालेला हात कुणासाठी राबणार, हा प्रश्न मी सोडणार नाही. तुमच्या पेंट शॉपमध्ये रंग मास्टर पॅनलचं ऐकत होता. पेलाएसकडं तो तिच्या घरातल्या उजेडाचं ऐकतो, लामकडं उसातल्या माणसांचं, आरांकडं मोटारी धुतलेल्या हाताचं. तंत्र परक्या गावाहून आलं तरी हरकत नाही. रंगानं कुणाचं ऐकायचं, हे मात्र ज्याचं त्यानं आपल्या गावात ठरवायचं असतं.

मामा : माझं मत अजून हेच आहे की, गाडीवरचा एकसारखा रंग ही लहान गोष्ट नाही. हजारो माणसांनी एकमेकांच्या हातावर हात ठेवल्यासारखं ते काम असतं, आणि त्यात कुणाचंच नाव नसतं, यातही एक मोठेपण आहे. त्या मोठेपणाचंही चित्र व्हायला हवं. ते न्यूयॉर्कहून कुणी येऊन काढणार नाही आणि मुंबईहूनही नाही. पेंट शॉपमधून घरी गेलेल्या बापाच्या पोरानं किंवा पोरीनं ते काढलं पाहिजे, साध्या पोस्टर कलरनं, साध्या कागदावर. आणि काढलं की उन्हात भिंतीला टाचून ठेवू नका. काचेआड, सावलीत, नीट जपा. आमच्या गाड्या पंधरा वर्षांनी भंगारात जातात. हे टिकायला पाहिजे.